पंप गळत नाही, तरी बदलायचा का?

प्रश्न : माझी २०१५ ची डस्टर डिझेल आहे, ८५ पीएसची. ८४ हजार किलोमीटर झाले. टायमिंग बेल्ट अजून कंपनीतून आलेलाच आहे. रोज डिचोली ते पणजी जाणं-येणं, शिवाय मुलगी बेळगावला शिकते म्हणून महिन्यातून एकदा चोर्ला घाट. आमचा मेकॅनिक म्हणतो, बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलून टाका. पंप गळत नाही, आवाज करत नाही, मग हा खर्च कशाला? बेल्टही वरचं कव्हर काढून पाहिला, एकसुद्धा चीर दिसली नाही. अजून वर्षभर चालेल का? आणखी एक. कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरली की आम्ही घरच्या विहिरीचं पाणी घालतो. गोव्यात बर्फ पडत नाही, तर कूलंटची गरज काय? – एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमचा मेकॅनिक योग्य तेच सांगतो आहे. बेल्ट, टेन्शनर (बेल्टचा ताण धरणारी पुली) आणि पंप, तिन्ही एकाच वेळी बदला, आणि ते होईपर्यंत चोर्ला घाटात ही गाडी नेऊ नका. मुलीला या महिन्यात कदंबाच्या बसने जाऊ द्या.

आधी बेल्टचं बोलू, कारण घाई त्याची आहे. पिस्टनला जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व उघड-बंद करणारा कॅम यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. टायमिंग बेल्टला किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा असतात आणि जी आधी गाठली जाईल ती लागू होते. किलोमीटरकडे पाहून तुम्ही निर्धास्त आहात, पण वर्षांची मर्यादा तुमच्या गाडीने केव्हाच मागे टाकली आहे. सर्व्हिस पुस्तिका काढून बघा. चीर दिसली नाही याने काही सिद्ध होत नाही. पूर्वीच्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडायच्या, म्हणून जुने मेकॅनिक बेल्ट उलटा वाकवून बघायचे. आताचे बेल्ट एचएनबीआर नावाच्या रबराचे, आत काचतंतूंच्या दोऱ्या. वरचं रबर शेवटपर्यंत चांगलं दिसतं, आतल्या दोऱ्या मात्र थकत जातात, आणि एके दिवशी बेल्ट तुटतो किंवा दात सोलून निघतात. तुमचं १४६१ सीसीचं इंजिन असं आहे की बेल्ट सुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. मग हेड उतरवणं, वाकलेले व्हॉल्व बदलणं, नशीब वाईट असेल तर पिस्टनही. ते बिल वेगळ्याच रकमेचं असतं.

आता पंप. तुमच्या इंजिनात वॉटर पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर फिरत नाही, तो टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंपाच्या पुलीला बेल्टची पाठ किंवा दात टेकलेले असतात आणि बेल्टचा सगळा ताण पंपाच्या बेअरिंगवर सतत येतो. तेव्हा पंपाचं बेअरिंग जाम झालं तर फक्त गाडी तापत नाही. बेल्ट दात उडी मारतो किंवा घासून तुटतो, आणि पुढे वर सांगितलेलं सगळं होतं. जुन्या, सैलावलेल्या बेल्टवर जे बेअरिंग गपचूप चाललं, तेच नव्या बेल्टच्या पूर्ण ताणावर काही महिन्यांत कुरकुरायला लागतं. नवा बेल्ट घातल्यावर जुना पंप गेला, ही तक्रार म्हणूनच इतकी ऐकू येते.

‘गळत नाही’ हे तुम्ही कशावरून म्हणता? पंपाच्या आत बेअरिंग आणि पाणी यांच्यामध्ये एक सील असतं. त्यात कार्बनची एक कडी आणि सिरॅमिकची एक कडी स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर फिरतात. त्यांच्यामध्ये कूलंटचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्यांचं वंगण. हे सील झिजलं की थेंब पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून बाहेर पडतात, जेणेकरून ते बेअरिंगमध्ये शिरू नयेत. पण हे भोक टायमिंग कव्हरच्या आत आहे. थेंब आतल्या आत वाहून खालच्या चिखल-पत्र्यावर जमतात, तिथेच सुकतात. बाटलीतली पातळी उतरते आणि तुम्ही पाणी घालता, असं तुम्हीच लिहिलं आहे. बंद प्रणालीत पाणी वारंवार कमी होता कामा नये. ते कुठेतरी जातंच आहे, आणि पंपाचं सील हा पहिला संशयित आहे. जमिनीवर पडलेल्या पाण्याचा गोंधळ आपल्याकडे नेहमी होतो, कारण दमट हवेत एसीचं पाणी भरपूर ठिबकतं. बोट लावून बघा : एसीचं पाणी निर्मळ, बिनवासाचं, कूलंट चिकट लागतो, गोडसर वास येतो आणि सुकल्यावर रंगीत किंवा पांढरट खपली धरतो. बोट चाखू नका, तो विषारी आहे.

तिसरा बिघाड डोळ्यांना अजिबात दिसत नाही. पंपाची पाती गंजून झिजतात किंवा शाफ्टवर सैल होतात, मग पंप फिरतो पण पाणी पुरेसं ढकलत नाही. अशी गाडी सपाटीवर ठीक चालते आणि केरीच्या पुढे चढ लागला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर भार आला, की काटा वर सरकतो. याच्या उलट, शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराच्या गर्दीत तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की थंड होते, अशी गाडी असेल तर आधी रेडिएटरचा पंखा आणि त्याचा रिले तपासावा. या दोन लक्षणांत फरक केला तर निम्मे चुकीचे खर्च वाचतात.

आणि मजुरी. पंपापर्यंत पोचायला ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक, आतलं प्लास्टिक, बाहेरचा बेल्ट, क्रँक पुली, त्या बाजूचं इंजिन माउंटिंग, टायमिंग कव्हर आणि टायमिंग बेल्ट एवढं सगळं काढावं लागतं. बेल्टच्या कामात ते निघालेलंच असतं. त्यापुढे पंप म्हणजे काही छोटे बोल्ट, जागा साफ करणं आणि कूलंट भरणं. सरावलेल्या हाताला तासभर. आज पंप ठेवला आणि पुढच्या वर्षी गेला, तर ही सगळी मजुरी पुन्हा, शिवाय बेल्टही पुन्हा नवा, कारण एकदा ताण देऊन चाललेला बेल्ट काढून परत बसवायचा नसतो.

पंप न बदलण्याची कारणंही आहेत, तीही सांगितली पाहिजेत. ज्या गाड्यांचा पंप टायमिंग बेल्टवर नाही, उदाहरणार्थ जुन्या इनोव्हाचं अडीच लिटरचं डिझेल, तिथे हा हिशेब लागू होत नाही. तिथे पंप खराब झाला की बदलावा. मागच्या एक-दोन वर्षांत चांगल्या कंपनीचा पंप बसवलेला असेल आणि बिल असेल, तर तोही राहू द्यावा. आणि पैसे वाचवायला निनावी डब्यातला पंप घालणार असाल तर मात्र कंपनीचा जुनाच राहिलेला बरा. गाडीच्या कंपनीचा सुटा भाग घ्या, नाहीतर गेट्स, एसकेएफ, आयएनए अशांचा पंपासकटचा पूर्ण किट, सीलबंद डब्यात, पक्क्या बिलावर. किटमध्ये बेल्ट, टेन्शनर, पंप आणि त्याचं गॅस्केट असतं. आणताना चासी नंबर सोबत न्या. याच इंजिनाच्या वेगवेगळ्या वर्षांत भाग बदललेले आहेत. किटमध्ये नसलेल्या तीन गोष्टी वेगळ्या घ्याव्या लागतील : क्रँक पुलीचा नवा बोल्ट, बाहेरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर. बाहेरच्या बेल्टला कमी लेखू नका. तो चिरफळला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात आणि आतला कोरा करकरीत बेल्ट दात सोडतो. या इंजिनात हे घडतं.

विहिरीच्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पंपाचं आयुष्य तिथेच ठरतं. गोठू न देणं हे कूलंटच्या अनेक कामांपैकी फक्त एक काम आहे, आणि गोव्यापुरतं ते खरंच बिनकामाचं. बाकीची कामं मात्र इथेच जास्त लागतात. कूलंटमधली रसायनं ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक, पंपाची पाती आणि रेडिएटर यांना गंजापासून वाचवतात. आपलं जांभ्या दगडातलं पाणी चवीला गोड, साबणाला फेस आणणारं, पण बहुधा किंचित आम्लधर्मी असतं. खाणपट्ट्यात त्यात लोहही उतरतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींत क्षार असतात, आणि क्लोराइड तर ॲल्युमिनियमचा वैरीच. असं पाणी वर्षानुवर्षं घातलं की आत तांबूस गाळ तयार होतो. तो सीलच्या दोन कड्यांमध्ये जातो, त्यांचा गुळगुळीतपणा जातो आणि सील गळायला लागतं. शिवाय कूलंटचं मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. पंपाच्या तोंडाशी दाब कमी असतो, तिथे नुसत्या पाण्याचे वाफेचे बुडबुडे चटकन होतात आणि फुटताना पात्यांवर बारीक खड्डे पाडतात. बाटलीचं झाकण दाब धरत नसेल तर हे आणखी वाढतं, म्हणून झाकणही या कामात नवंच लावा. स्वस्त वस्तू आहे.

यातून कामाचा एक क्रम ठरतो, जो बऱ्याच गॅरेजांत उलटा होतो. गाळ धुण्याचं काम जुना पंप जागेवर असतानाच करून घ्या. आधी जुनं पाणी काढायचं, डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी भरायचं, इंजिन गरम करून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडू द्यायचा, थंड झाल्यावर परत काढायचं; पाणी स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा. नवा पंप बसवून मग धुतलं तर सुटलेला सगळा गाळ नव्या सीलवरूनच जातो.

धुतल्यावर ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच साधं पाणी उरतं. त्यावर तयार पन्नास-पन्नासचं मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून या वेळी न मिसळलेलं कूलंट घ्या. समजा पुस्तिकेत एकूण ६ लिटर लिहिलं आहे, तर आधी ३ लिटर कूलंट ओतायचं आणि उरलेली जागा डिमिनरलाइज्ड पाण्याने भरायची. रेनोच्या गाड्यांना टाइप डी कूलंट लागतं, डब्यावर तसा उल्लेख बघा. रंग पाहून घेऊ नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, आणि वेगळ्या जातीची दोन कूलंट एकत्र आली तर शेवाळासारखा गोळा होऊ शकतो.

आता काम करताना कुठे चुकतं ते. हे तुम्ही स्वतः करावं असं आम्ही सुचवत नाही, पण शेजारी उभं राहून बघता यावं इतकं माहीत असलेलं बरं.

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं राहिलेलं, कारण बेल्टचा ताण थंड इंजिनावर लावायचा असतो. माउंटिंग काढण्यापूर्वी इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावतात. जॅक थेट ऑइल चेंबरच्या पत्र्यावर नको. टायमिंग लावायला क्रँक आणि कॅमसाठी दोन वेगळ्या लॉकिंग पिना मिळतात. मेकॅनिककडे त्या आहेत का हे आधीच विचारा. व्हाइटनरने खुणा करून बेल्ट बदलणारे पुष्कळ आहेत. पण जुना बेल्ट आधीच एक दात सरकलेला असेल तर ती चूक खुणेसकट नव्या बेल्टवर जाते. शिवाय बेल्ट काढताना कॅम व्हॉल्वच्या स्प्रिंगने थोडा फिरला तर खूण कशाशी जुळवणार? पिना फक्त जागा दाखवायला असतात हेही लक्षात ठेवा. क्रँकचा घट्ट बोल्ट सोडताना त्या पिनेच्या जोरावर इंजिन अडवलं तर पीन वाकते किंवा ब्लॉकला इजा होते. फ्लायव्हील वेगळ्या हत्याराने अडवायचं.

पंप उतरला की ब्लॉकची बसकी (पंप टेकतो ती सपाट जागा) साफ करायची ती प्लास्टिक किंवा लाकडाच्या खरवडणीने. ग्राइंडरला एमरी लावून घासू देऊ नका. बसकीवर एक ओरखडा उठला की तिथून कायमचं झिरपतं. पंपासोबत गॅस्केट किंवा रबराची रिंग आली असेल तर वर सिलिकॉन नको. ‘जास्त बरं’ म्हणून लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, तुटतं आणि थर्मोस्टॅटमध्ये किंवा हीटरच्या नळ्यांत अडकतं. जिथे पुस्तिका सिलिकॉनच सांगते तिथे पातळ सलग रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. पंपाचे बोल्ट छोटे असतात, तुमच्या इंजिनावर ११ न्यूटन-मीटर एवढाच जोर. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणायचे. हाताच्या अंदाजाने करकचून आवळले तर बोल्ट तुटतो किंवा आटे उडतात, आणि मग बेल्टचं काम राहतं बाजूला.

पंप बसल्यावर हाताने सावकाश फिरवून बघायचा. नव्या सीलमुळे किंचित जड लागेल, पण खरखर किंवा अडखळणं नको. कोरडा असताना तो गरगर फिरवू नये आणि कूलंट भरल्याशिवाय इंजिन क्षणभरही चालू करू नये. ‘फक्त टायमिंग बरोबर बसलं का बघतो’ म्हणून कोरडंच चालू केलं की सीलच्या कड्या तेवढ्यात जळतात आणि नवा पंप पहिल्याच आठवड्यात गळतो. मग दोष कंपनीच्या माथी!

बेल्ट उघडा असतानाच क्रँकचं आणि कॅमचं ऑइल सील बघून घ्या. तिथे तेलाचा ओलावा असेल तर सील आत्ताच बदला; तेल लागलेला बेल्ट वेळेआधी फुगतो. नवा बेल्ट पाकिटातून काढल्यावर दुमडू, पिळू किंवा पान्याने ओढून चढवू नये, आतल्या काचतंतूंना ते सोसत नाही. बेल्टवर बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने. टेन्शनरचा दर्शक काटा खुणेवर आणायचा, पिना काढायच्या, पान्याने इंजिन किमान दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवायचं आणि पिना परत बसतात का, काटा खुणेवरच आहे का, हे पाहायचं. फिरवताना कुठे कडक अडलं तर जोर न लावता थांबायचं. सेल्फ मारून ही तपासणी होत नाही. क्रँक पुली बसवण्याआधी क्रँकचं टोक आणि पुलीच्या टेकणाऱ्या बाजू तेलमुक्त करायच्या, नवा बोल्ट टॉर्क रेंचने आणि मग सांगितलेल्या अंशांनी. बोल्टच्या जाडीनुसार आकडा बदलतो, तेव्हा मेकॅनिकने तो पुस्तिकेतून घेतलेला हवा.

कव्हरं लावण्यापूर्वी कूलंट भरून बाटलीच्या तोंडाला हातपंप जोडावा, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यावा आणि १५ मिनिटं काटा पडतो का बघावा. हे एक साधन मेकॅनिककडे असेल तर तो गडी भरवशाचा समजा. मग हवा काढणं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवायचं. गोव्यात हीटरचा खटका वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही, त्यामुळे हे हमखास विसरतं आणि त्याच नळ्यांत हवा अडकून राहते. हीटरमधून गरम हवा आली, रेडिएटरचा खालचा होस गरम झाला, पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद झाला, की हवा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, पातळी पुन्हा बघा. थोडी उतरलेली असणार. तेवढी भरा, पण कूलंटनेच. नव्या सीलमधून पहिल्या काही मिनिटांत एखादा थेंब येऊ शकतो. नंतर मात्र एकही नको.

काढलेले भाग मागून घ्या. जुन्या पंपाचा शाफ्ट वर-खाली हलवून बघा, भोकाशी खपली आहे का, पात्यांच्या कडा खाल्ल्यात का ते पाहा. पंप ठणठणीत निघाला आणि पातळी तरीही उतरत राहिली, तर पुढची तपासणी होस, रेडिएटर, ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) आणि शेवटी हेड गॅस्केट या क्रमाने करून घ्यावी.

कोटेशन घेताना भाग आणि मजुरी वेगळ्या ओळींत लिहून मागा. पंपासाठी मजुरीचा आकडा बेल्टच्या मजुरीच्या जवळपास असेल तर ते मान्य करू नका; काढ-घाल एकदाच होते. काम सरावलेल्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं, पण आतली धुलाई धरून गाडी दोन दिवस सोडावी लागेल. चवथीच्या आधीच्या आठवड्यात देऊ नका. तेव्हा प्रत्येकाला गाडी कालच हवी असते, आणि एखादं सील कमी पडलं तर ते बेळगाव किंवा मडगावहून यायला दुकानं उघडण्याची वाट पाहावी लागते.

काढलेलं जुनं पाणी गॅरेजच्या गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतू देऊ नका. त्यात थोडं जरी कूलंट असेल तरी त्याच्या गोडसरपणाने कुत्री आणि गुरं ते पितात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. वेगळ्या कॅनमध्ये भरून, जळकं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.